कच्चे मडके

हिंगोली जिल्ह्यातील नरसी हे गाव संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते. त्यांना विसोबा खेचर गुरू म्हणून लाभले ते याच जिल्ह्यातील औंढा नागनाथच्या देवळात, अशीही परंपरा आहे. त्या भेटीचे कारण मोठे बोधक आहे. गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांची डोकी ठोकून पाहिली. नामदेव तेवढे रागावले आणि त्यांचे मडके कच्चे ठरले. या परीक्षेस निमित्त झाली मुक्ताबाई, म्हणजे नामदेवांहून वयाने लहान अशी मुलगी! लहानीने उणीव दाखविली, वृद्ध विसोबांनी वाट दाखविली.

ही कथा ख्रिस्ती मंडळीच्या संबंधात सांगावी, याचे वाचकांस नवल वाटेल. परंतु मंडळीतील वडील व तरुण यांच्या परस्पर आदराविषयी जे बोलले जाते, त्यात आदर म्हणजे नमस्कार आणि गप्प बसणे, एवढाच अर्थ बहुधा अभिप्रेत असतो. पवित्र शास्त्रातील एली व शमुवेल यांची गोष्ट याहून कठीण आहे. रात्री देवाची हाक बालकास ऐकू येते, पण ती कोणाची हे त्यास उमजत नाही. वृद्ध एलीस ते उमजते, पण हाक ऐकू येत नाही. एकाचे कान आणि दुसऱ्याचा अनुभव, असा तो प्रसंग आहे.

आता आपल्याकडील नित्याचा वाद पाहा. वडिलांना उपासनेत रेव्हरंड टिळकांची भजने पेटी-तबल्यावर हवीत; तरुण गिटार घेऊन येतात आणि हिंदी चाली म्हणतात. वडील हे विसरतात की, 1895 साली बाप्तिस्मा घेतलेले टिळक हे स्वतःच एके काळी मंडळीतले नवागत होते, आणि इंग्रजी चालींना सरावलेल्या कानांना त्यांचे अभंग परके वाटले असल्यास नवल नाही. तरुणही हे विसरतात की, तो नवेपणा जुन्या संतवाणीच्या अभ्यासातून आला होता. टिळकांचे 'ख्रिस्तायन' 1919 साली त्यांच्या मृत्यूने अपुरे राहिले. विवाहानंतर अक्षरे शिकलेल्या लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेले. 1936 साली त्याही गेल्या, तेव्हा अखेरचा अध्याय पुत्र देवदत्त यांनी लिहिला. काव्यगुणांची तुलना टीकाकारांनी खुशाल करावी; अपुरे काम पुढच्यांच्या हाती जाते, एवढेच मला येथे दिसते.

दोष दोहींकडे आहे, असे म्हणून सुटका करून घेणे सोपे आहे. मला मात्र वडिलांची जबाबदारी अधिक वाटते. कारण देवळाच्या किल्ल्या, हिशेबाच्या वह्या आणि सभेतील पहिला शब्द त्यांच्याकडे असतो. तरुणाचे उद्धट बोलणे सर्वांस ऐकू जाते. त्याचे भीतीने न बोलणे कोणाच्याच ध्यानी येत नाही.

शमुवेलाने त्या सकाळी नेहमीप्रमाणे परमेश्वराच्या मंदिराची दारे उघडली. रात्री ऐकलेला निरोप एलीच्याच घराण्याविरुद्ध होता, म्हणून तो सांगण्यास भीत होता. अखेर एलीनेच त्यास हाक मारली, 'बाळा' म्हटले, आणि काहीही न लपविता सर्व सांगण्यास बजावले.