निवाडा आणि समेट

संत लूककृत शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात एक छोटासा प्रसंग आहे. गर्दीतला एक माणूस प्रभू येशूला विनवितो की, माझ्या भावाला वडिलोपार्जित मालमत्तेची वाटणी करायला सांगा. प्रभू ती लवादकी नाकारतो आणि लोभापासून सावध राहायला सांगतो. येथे आम्ही नेहमी अडखळतो. न्याय मागायला आलेल्याला असे परत का पाठवावे?

या प्रश्नाबरोबर आम्हांला दोन कॅथलिक देशांची भाऊबंदकी आठवते. दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी, बीगल सामुद्रधुनीच्या मुखावर, पिक्टन, लेनॉक्स आणि नुएव्हा ही तीन लहान बेटे आहेत. चिली आणि आर्जेन्टिना दोघेही त्यांच्यावर हक्क सांगत. १९७१ साली त्यांनी हा तंटा ब्रिटिश राजसत्तेच्या लवादाकडे सोपविला. आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी तो तपासला आणि १९७७ साली बेटे चिलीची ठरली. आर्जेन्टिनाने पुढच्याच वर्षी निवाडा झिडकारला आणि नाताळच्या तोंडावर सैन्य सज्ज केले. याच दोन शेजाऱ्यांनी १९०४ साली सलोख्याची खूण म्हणून अँडीज पर्वतावर प्रभू ख्रिस्ताचा पुतळा उभारला होता!

पोप जॉन पॉल दुसरे यांनी तातडीने कार्डिनल अंतोनिओ सामोरे यांना धाडले. त्यांचे वय तेव्हा सत्तरीच्या पुढे होते. जानेवारी १९७९ मध्ये दोन्ही देशांनी शस्त्र न उचलण्याचे मान्य करून पोपमहोदयांची मध्यस्थी मागितली. बोलणी जवळजवळ सहा वर्षे चालली. सामोरे १९८३ मध्ये निवर्तले. तह पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. त्याच वर्षी आर्जेन्टिनातील लष्करी राजवट जाऊन लोकनियुक्त सरकार आले, हेही विसरता येत नाही. २९ नोव्हेंबर १९८४ रोजी व्हॅटिकनमध्ये तहावर सह्या झाल्या.

बेटे चिलीकडेच राहिली. मात्र त्यांच्यामुळे मिळू शकणाऱ्या समुद्रावरील हक्काचा मोठा भाग चिलीने सोडला.

ज्याची बाजू खरी ठरली, त्यानेच का सोडावे? आम्हांला वाटते, हक्क कुणाचा हे लवादाने सांगावे. त्यातले किती सोडावे हे मात्र हक्कदारानेच ठरवावे. लवादाने परस्पर अर्धे कापून दिले असते तर तो अन्याय झाला असता. चिलीने दिले तेव्हा निवाडा तिच्या हाती होता, आणि 'नाही' म्हणण्याचे बळही होते.

आपल्याकडे "समजुतीने मिटले" असे म्हणतात, तेव्हा पुष्कळदा बहिणीने हक्कसोडपत्रावर सही केलेली असते. मृत्युपत्र नसेल तर १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याने ख्रिस्ती मुलामुलींचा वाटा सारखाच आहे. तो तिला कुणी मोजून दाखविलेला नसतो. क्षमेचे आणि माहेरच्या नात्याचे दाखले मात्र भरपूर दिलेले असतात. लोभाविषयीचा तो इशारा प्रभूने एकट्या मागणाऱ्याला दिला नव्हता, साऱ्या गर्दीला दिला होता. त्या गर्दीत जमीन धरून बसलेला भाऊही असेल काय, हे शुभवर्तमान सांगत नाही.