अडवणुकीची किंमत कोणी मोजायची?

२१ डिसेंबर २००९ च्या रात्री एक वाजता, वॉशिंग्टनमध्ये सगळीकडे बर्फ साचलेले असताना, ९२ वर्षांचे सिनेटर रॉबर्ट बर्ड यांना चाकाच्या खुर्चीवरून सिनेटच्या सभागृहात आणण्यात आले. त्यांची प्रकृती बरेच महिने ठीक नव्हती. तरी त्यांना यावे लागले. आरोग्यविमा सुधारणेचे विधेयक पुढे सरकवायचे तर १०० सदस्यांच्या सभागृहात ६० मते हवी होती आणि अध्यक्ष बराक ओबामा यांच्या बाजूला मोजून ६० माणसे होती. ५८ डेमोक्रॅट आणि २ अपक्ष. त्यातला एक जरी घरी राहिला असता तरी सारे अडले असते. आदल्या दिवशी रिपब्लिकन सिनेटर टॉम कोबर्न सभागृहात म्हणाले होते की, आज रात्री कोणाला तरी मतदानाला येता येऊ नये, अशी अमेरिकन जनतेने प्रार्थना करावी. हा रोख बर्ड यांच्याकडे आहे असे पुष्कळांना वाटले. कोबर्न स्वतः पेशाने डॉक्टर होते.

दुवेसाठी उचललेल्या हातांचा असा उपयोग ऐकून कोणाही श्रद्धावंताला संकोच वाटेल. पण एकट्या कोबर्न यांना दोष देऊन प्रश्न मिटत नाही. ज्या सभागृहात एका वृद्धाच्या आजारपणावर कोट्यवधींचा औषधोपचार अवलंबून राहतो, तिथे असे विचार कोणाच्या ना कोणाच्या मनात येणारच. त्या वर्षी अमेरिकेत साडेचार कोटींहून अधिक माणसांकडे आरोग्यविमा नव्हता. ज्याने स्वतःपुरता विमा घ्यायचा ठरवला त्याला आधीचा आजार दाखवून कंपन्या सर्रास नाकारत. म्हणजे ज्याला विम्याची खरी गरज, त्यालाच तो मिळत नसे. ही रीत बंद करणारे विधेयक अडवून धरणे हा अन्याय आहे का? आणि पक्षाने सांगितले म्हणून त्याच्या बाजूने हात वर करणे, ही नीती आहे का? दोन्ही प्रश्न वाटतात तितके सोपे नाहीत.

अडवणुकीचे समर्थन करणारे एक जुना युक्तिवाद मांडतात. बहुमत म्हणजे न्याय नव्हे. बहुमताच्या जोरावर अल्पांना चिरडले जाऊ नये म्हणून सिनेटमध्ये चर्चा लांबवण्याचा, म्हणजे फिलिबस्टरचा हक्क आहे, असे ते म्हणतात. आपल्यासारख्या वाचकाला हा युक्तिवाद पटकन भावतो, कारण बहुसंख्येच्या वजनाचा अनुभव आपल्याला कोणी शिकवायला नको. पण इथे भाषेने आपल्याला सावध करायला हवे. इंग्रजीत ‘मायनॉरिटी’ हा एकच शब्द आहे. मराठीत आपण दोन शब्द वापरतो : अल्पमत आणि अल्पसंख्याक. सभागृहात ज्यांची मते कमी पडली ते अल्पमतात असतात. समाजात ज्यांची संख्या आणि सत्ता कमी ते अल्पसंख्याक. अमेरिकन इतिहासात या दोघांची बाजू एकच होती का? बहुतेक वेळा उलटीच होती. काळ्या माणसांना जमावाने ठार मारण्याविरुद्धचे विधेयक १९२२ साली खालच्या सभागृहात मंजूर झाले आणि सिनेटमध्ये दक्षिणेकडील सदस्यांनी ते बोलून बोलून मारले. १९३८ साली तेच झाले. १९५७ च्या नागरी हक्क विधेयकाविरुद्ध स्ट्रॉम थरमंड २४ तास १८ मिनिटे एकटे बोलले. अल्पमताचे ते हत्यार अल्पसंख्याकांच्या मानेवर चालले.

आणि त्याच हत्याराचे एक वाहक हेच रॉबर्ट बर्ड होते. तरुणपणी कू क्लक्स क्लॅनचे सदस्य राहिलेल्या या गृहस्थांनी १९६४ च्या नागरी हक्क कायद्याविरुद्ध १४ तासांहून अधिक वेळ भाषण केले. पुढे क्लॅनमध्ये जाण्याबद्दल त्यांनी वारंवार पश्चात्ताप व्यक्त केला. त्यांचे भाषण १० जून १९६४ च्या सकाळी संपले आणि काही वेळातच ७१ विरुद्ध २९ मतांनी चर्चा थांबवण्यात आली. त्या मतदानालाही एका आजारी माणसाला आणले होते. कॅलिफोर्नियाचे क्लेअर एंगल यांना मेंदूचा आजार झाला होता, वाचा गेली होती. होकाराचा इंग्रजी शब्द आणि डोळ्याचा शब्द उच्चाराला सारखाच, म्हणून नाव पुकारल्यावर त्यांनी कसाबसा हात उचलून डोळ्याकडे बोट दाखवले. पुढच्याच महिन्यात ते वारले.

तरीही १९६४ ची अडवणूक आणि २००९ ची अडवणूक यांत एक फरक आहे, आणि मला तो नैतिकदृष्ट्या फार महत्त्वाचा वाटतो. १९६४ मध्ये अडवणाऱ्याला उभे राहून बोलावे लागे. झोप, भूक, पाय, घसा, सगळे पणाला लागे. हेतू कितीही वाईट असला तरी त्याला स्वतःच्या देहाने काही मोजावे लागत होते आणि लोकांना त्याचा चेहरा दिसत होता. १९७० नंतर सिनेटने सोयीसाठी दुहेरी मार्ग काढला : एक विधेयक अडले की ते बाजूला ठेवायचे आणि दुसरे काम चालू करायचे. १९७५ मध्ये मर्यादा दोन-तृतीयांशावरून ६० वर आली. ही सुधारणाच होती. पण तेव्हापासून अडवणाऱ्याला बोलायचीही गरज उरली नाही. नुसते कळवले की पुरे. सत्याग्रही अडवतो तेव्हा क्लेश स्वतःच्या अंगावर घेतो, हे आपल्या देशाने जगाला दाखवले. इथे अडवणारा घरी जाऊन झोपतो आणि बिल रुग्णाच्या नावावर फाडले जाते.

आता दुसरी बाजू. अडवणुकीला उत्तर म्हणून शिस्त आली, पण साठापैकी प्रत्येक मत अनिवार्य ठरल्यावर प्रत्येक सदस्य छोटा बादशहा झाला. कनेक्टिकट हे विमा कंपन्यांचे जुने ठाणे. तिथले जोसेफ लिबरमन अडून बसले आणि सरकारी विम्याचा पर्याय वगळला गेला; ५५ वर्षांवरच्यांना मेडिकेअर विकत घेऊ देण्याची कल्पनाही गेली. नेब्रास्काचे बेन नेल्सन यांनी आपल्या राज्यापुरता गरिबांच्या विमा योजनेचा वाढीव खर्च कायम केंद्राने सोसावा अशी सवलत पदरात पाडून घेतली. तिची इतकी छी-थू झाली की पुढे ती काढून टाकावी लागली. २४ डिसेंबरला विधेयक ६० विरुद्ध ३९ मतांनी मंजूर झाले. बर्ड यांनी आपले मत दिवंगत मित्र एडवर्ड केनेडी यांच्या नावे दिले.

मार्च २०१० मध्ये खालच्या सभागृहात ते २१९ विरुद्ध २१२ असे मंजूर झाले. एकाही रिपब्लिकनने बाजूने मत दिले नाही. १७८ माणसांची सदसद्विवेकबुद्धी एकाच दिवशी एकच बोलली यावर विश्वास ठेवणे मला जड जाते. नोव्हेंबरमध्ये आधीच्या मसुद्याला एकाच रिपब्लिकनने पाठिंबा दिला होता : न्यू ऑर्लिन्सचे जोसेफ काओ, व्हिएतनाममधून लहानपणी आलेले निर्वासित. मार्चमध्ये गर्भपाताविषयीच्या तरतुदी अपुऱ्या आहेत असे सांगून तेही विरोधात गेले. डेमोक्रॅट पक्षाच्या ३४ जणांनी पक्षाविरुद्ध मत दिले. डेनिस कुसिनिच यांना मात्र हे विधेयक फारच मिळमिळीत वाटत होते. नोव्हेंबरमध्ये त्यांनी विरोध केला, मार्चमध्ये ओबामांशी बोलणे झाल्यावर बाजूने मत दिले. हा पक्षशिस्तीपुढचा पराभव म्हणावा का? मला तसे वाटत नाही. अर्धी भाकरी नाकारणाऱ्याचे स्वतःचे पोट भरलेले असेल, तर त्या नकारात तत्त्व कमी आणि ऐट जास्त असते. कोलोरॅडोच्या बेट्सी मार्की यांनीही नकाराचा होकार केला आणि नोव्हेंबर २०१० मध्ये जागा गमावली. त्या निवडणुकीत पक्षाच्या एकूण ६३ जागा गेल्या. पुढील काही वर्षांत सुमारे २ कोटी माणसांना विमा मिळाला. या व्यवहारात किंमत मोजणारे आणि लाभ घेणारे कोण होते, हे उघड आहे.

आपल्याकडे ही परीक्षाच टाळली गेली. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याने, घटनेच्या दहाव्या परिशिष्टाने, व्हिप मोडणाऱ्याची सदस्यताच जाऊ शकते. ते ३४ डेमोक्रॅट आपल्या लोकसभेत असते तर अपात्रतेच्या दारात उभे राहिले असते. १९८६ मध्ये शाहबानो निकालानंतर मुस्लिम महिला विधेयक आले तेव्हा आरिफ मोहम्मद खान यांनी मंत्रिपद सोडले. त्यांच्याशी सहमत असे किती जण मागच्या बाकांवर गप्प बसले, ते कधीच कळणार नाही. घोडेबाजार थांबावा म्हणून कायदा केला. घोडेबाजार थांबला नाही आणि मतभेदाची जीभ तेवढी गेली.

अमेरिकेत व्हिप जागा काढून घेऊ शकत नाही, म्हणूनच २८ जुलै २०१७ ची रात्र शक्य झाली. ओबामांचा कायदा मोडण्यासाठी रिपब्लिकन पक्षाने साध्या बहुमताची अर्थसंकल्पी वाट धरली होती. सुसान कॉलिन्स आणि लिसा मर्कोव्स्की विरोधात होत्या. मेंदूच्या कर्करोगाचे निदान होऊन थोडेच दिवस झालेले जॉन मॅकेन पहाटे पुढे आले आणि त्यांनी अंगठा खाली केला. ५१ विरुद्ध ४९ मतांनी प्रस्ताव पडला. शिस्त मोडली म्हणून कायदा वाचला. २००९ मध्ये शिस्त पाळली म्हणून तो जन्मला होता. तेव्हा शिस्त चांगली की वाईट, हा प्रश्नच अपुरा आहे. ती कोणाच्या अंगावर पडते, ते पाहावे लागते.

हाच निकष मला प्रिय असलेल्या बाजूलाही लावायला हवा. १ ऑक्टोबर २०२५ पासून अडवणारे डेमोक्रॅट होते. विम्याचे वाढीव अनुदान वर्षअखेर संपणार होते. ते चालू ठेवा, नाहीतर सरकारी खर्चाला ६० मते मिळणार नाहीत, अशी त्यांची भूमिका होती. मागणी रास्त होती. पण सरकार ४३ दिवस बंद राहिले. लाखो कर्मचारी पगाराविना राहिले, नोव्हेंबरमध्ये गरिबांच्या अन्नसाहाय्यात खंड पडला. सिनेटर मंडळींचे मानधन मात्र चालूच होते. शेवटी त्यांच्या गटातल्या आठ जणांनी शिस्त मोडली. बदल्यात मिळाले ते अनुदानावर मतदान घेण्याचे आश्वासन. डिसेंबरमध्ये ते मतदान झाले. बाजूने ५१, विरोधात ४८. लागत होती ६०.