'रिव्ह्यूड-बाय'समोर माझं नाव

दीड वर्षापूर्वी मी एका कर्नल ड्रायव्हरला 'रिव्ह्यूड-बाय' दिलं. लिनक्सच्या जगात या शब्दाला ठरलेला अर्थ आहे. मी हा बदल तपासला, शंका लेखकाला कळवल्या, आणि माझ्या माहितीप्रमाणे यात अडवून धरावा असा दोष उरलेला नाही, असं ते निवेदन असतं. यात कसली हमी नाही, हेही तिथेच लिहिलेलं आहे. बरेच दिवस मी त्या शेवटच्या वाक्याला धरून होतो.

ड्रायव्हर होता मेमरी कंट्रोलरमधल्या काउंटरचा. चिपच्या आत मोजणीचे छोटे रजिस्टर असतात. किती सायकल गेल्या, कॅशमध्ये किती वेळा माल सापडला नाही, मेमरीतून किती वाचलं, हे सगळं ते मोजतात. प्रोग्राम हळू का चालतोय हे 'पर्फ' नावाचं टूल या आकड्यांवरून दाखवतं. हार्डवेअर आणि पर्फ यांच्या मधे ड्रायव्हर उभा असतो. म्हणजे तो मापाडी.

मापाडी म्हणतो, कारण माझे वडील दोंडाईच्याच्या मार्केटात मापाडी होते. हिवाळ्यात लाल मिरचीच्या गाड्या लागायच्या, अख्खं आवार शिंकत असायचं. एका बाजूला शेतकरी, दुसऱ्या बाजूला व्यापारी, मधे नाना. भाव मापाडी ठरवत नाही. पण त्याच्या तोंडून निघालेला आकडा काटापट्टीवर चढला, की हमाली-तोलाई वजा जाऊन शेतकऱ्याच्या हातात काय पडणार हे त्यावरच. मी सुट्टीत शेजारी बसायचो आणि घाईने आकडा बोलून टाकायचो. नाना म्हणायचे, "काटा थांबू दे, मंग आकडा बोल."

तर ड्रायव्हर. अकराशे ओळी, दोन संध्याकाळी, आणि रिलीज शुक्रवारी. मी नावं तपासली, लॉकिंग तपासलं, एका ठिकाणी चुकीचा एरर कोड जात होता तो सापडवला. लेखकाने लगेच दुरुस्त केला, मला बरं वाटलं. चिपच्या मॅन्युअलमध्ये काउंटरची रुंदी 32 बिट लिहिली होती. ती ओळ मी वाचली. क्षणभर मनात आलंही, की हा भरून परत शून्यावर आला तर? मग वाटलं, लेखकाने बघितलं असणार, टेस्ट पास आहेत. मी विचारलं नाही.

32 बिटांत साधारण 429 कोटी मावतात. आमच्या काउंटरचा एक ठोका म्हणजे 64 बाइट, म्हणजे सुमारे 275 जीबी वाचन झालं की काटा गुपचूप शून्यावर. सेकंदाला 25 जीबीच्या वेगाने याला अकरा सेकंद लागतात. आमची टेस्ट पाच सेकंदांची होती. ती कायम पास होणार होती, कितीही वेळा चालवली तरी. अशा वेळी ड्रायव्हरने काउंटर भरल्याचा इंटरप्ट तरी पकडायचा, किंवा टायमर लावून तो भरायच्या आत पुन्हा पुन्हा वाचून बेरीज ठेवायची. यात दोन्ही नव्हतं.

दुसऱ्या टीममध्ये एक मुलगा होता, कॉलेजमधून नुकता आलेला. त्याने महिनाभर बसून एका प्रोग्रामची डेटा मांडणी बदलली, मेमरीवरचा भार कमी व्हावा म्हणून. जुना प्रोग्राम खरं तर 500 जीबी वाचत होता. काउंटरने एक फेरी मारली आणि दाखवले 225. त्याचा नवा वाचत होता 260. तो 275च्या आत, म्हणून बरोबर दाखवला. भार जवळपास निम्मा केलेल्या मुलाला स्क्रीनवर दिसलं, की आपण तो वाढवला. मीटिंगमध्ये त्याने सगळ्यांची माफी मागितली. बदल टाकून दिला.

त्या मीटिंगमध्ये मी होतो. तो स्वतःवर शंका घेत होता, आकड्यावर नाही. का घेईल? आकड्याखाली आमची नावं होती.

ब्रिटिश गणितज्ञ विल्यम क्लिफर्डचा 1877चा एक निबंध आहे, 'द एथिक्स ऑफ बिलीफ'. त्यात एका जहाजमालकाची गोष्ट येते. जहाज जुनं आहे, शंका आहे, पण इतक्या वेळा सुखरूप गेलं तर आताही जाईल अशी तो मनाची समजूत घालतो, अगदी प्रामाणिकपणे. जहाज बुडतं. क्लिफर्ड म्हणतो, तो दोषी आहेच. आणि जहाज पोचलं असतं तरी तितकाच दोषी असता, कारण तसं मानायचा हक्क त्याने मिळवलेलाच नव्हता.

हे मला जरा कडक वाटतं. प्रत्येक रिव्ह्यूअरने सगळ्याची खात्री करायची ठरवली, तर एकही पॅच आत जाणार नाही. न कळणं हा गुन्हा नाही. मला आजही निम्मं कर्नल कळत नाही. पण माझी गोष्ट न कळण्याची नव्हती. 'माझ्या माहितीप्रमाणे दोष नाही' या वाक्यात एक पळवाट आहे: माहिती वाढू दिली नाही, की वाक्य खरंच राहतं. मी एक प्रश्न गिळला आणि वाक्य खरं ठेवलं. मार्च 2024मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागताना दिसला. 'असेल काहीतरी' म्हणून सोडायला अर्धा सेकंद पुरेसा लहान आहे. त्याने सोडला नाही, म्हणून एक्सझेड लायब्ररीत लपवलेला बॅकडोअर सापडला. माझ्यासमोर तर मॅन्युअलची अख्खी ओळ होती.

चूक सापडली तीही दुसऱ्याच कोणाला, एका लांब चाललेल्या टेस्टमध्ये. दुरुस्तीचा पॅच मी लिहिला. अशा पॅचमध्ये 'फिक्सेस' म्हणून मूळ कमिट नोंदवायचा असतो. तो कमिट उघडला की खाली माझं नाव दिसतं, आणि गिटच्या इतिहासातून ते कोणी काढणार नाही.

तो मुलगा तोवर नोकरी सोडून गेला होता. दिवाळीला घरी आलो होतो तेव्हा नंबर मिळवून त्याला फोन केला. सगळं सांगितलं, 32 बिटांपासून. मॅन्युअल वाचूनही विचारलं नव्हतं, हेही सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग विचारलं, "म्हणजे दादा, खरा आकडा किती होता?"

"पाचशेचे दोनशे साठ."

"एकदा मेल करून ठेवाल का?" तो म्हणाला. "तसंच, आकड्यांसकट."

नाना शेजारी पेपर वाचत बसले होते. मी लॅपटॉप उघडला.