अनाथोथचं शेत

आजचं वाचन: यिर्मया 32:1-25, 1 करिंथ 15:32, 58



"उद्याचं कोणी पाहिलंय?" हे आपण किती सहज म्हणतो. ट्रिपचं बुकिंग करताना, नवा फोन ईएमआयवर घेताना, ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये गप्पा मारताना. असं म्हणणाऱ्याला उथळ ठरवून मोकळं होणं बरोबर नाही, कारण त्यामागे बरेचदा खरी भीती असते. नोकरी कधी जाईल सांगता येत नाही. पुण्या-मुंबईत घर घेणं पगाराच्या आवाक्यात नाही. कोविडमध्ये आपल्याच वयाची माणसं डोळ्यांसमोर गेली. मग जे हातात आहे ते आजच का भोगू नये?

पवित्र शास्त्र हा प्रश्न टाळत नाही. यशयाच्या 22 व्या अध्यायात यरुशलेमवर संकट आलं आहे. लोक शस्त्रागार तपासतात, घरं पाडून तट पक्का करतात, पाणी साठवतात. तयारी सगळी होते, फक्त देवाकडे कोणी पाहत नाही. आणि मग बैल कापून, मेंढरं मारून मेजवानी! उद्या मरायचंच आहे, तर आज खाऊन-पिऊन घेऊ, असा त्यांचा सूर.

पौल करिंथकरांना लिहिताना हाच विचार पुन्हा समोर ठेवतो. विशेष म्हणजे तो त्याला मूर्खपणा म्हणत नाही. मेलेले उठत नसतील, तर असं जगणंच योग्य, असं तो सरळ मान्य करतो. म्हणजे हिशेब बरोबर आहे, पण ज्या आकड्यापासून तो सुरू केला तोच चुकला आहे. ख्रिस्त उठला आहे. त्यामुळे उत्तरही बदलतं, आणि अध्यायाच्या शेवटी पौल सांगतो की प्रभूमध्ये केलेले श्रम फुकट जात नाहीत.

मग दूरचं पाहणं म्हणजे काय? एसआयपी, टर्म इन्शुरन्स, चाळिशीत रिटायरमेंट? या गोष्टी वाईट नाहीत. पण लूकच्या 12 व्या अध्यायातला श्रीमंत शेतकरी आठवा. त्याचा प्लॅन पुष्कळ वर्षांचा होता. कोठारं मोडून मोठी बांधायची होती. आणि त्यानंतर काय? खायचं, प्यायचं, मजा करायची. यरुशलेमचे लोक जे आज मागत होते, तेच याने पुढे ढकललं होतं, एवढाच फरक. दोघांच्याही हिशेबात देव नव्हता आणि शेजारी नव्हता.

आता यिर्मयाकडे या. पुन्हा तेच यरुशलेम, शंभराहून अधिक वर्षांनंतर. बाबेलच्या सैन्याने वेढा घातला आहे. नगर पडणार असं यिर्मयानेच सांगितलं, म्हणून राजा सिद्कीयाने त्याला पहारेकऱ्यांच्या चौकात कोंडलं आहे. तिथे त्याचा चुलतभाऊ हनामेल येतो आणि म्हणतो, अनाथोथमधलं माझं शेत तू विकत घे. शत्रू वेशीवर असताना जमिनीचा व्यवहार! कोणताही सल्लागार "नको" म्हणाला असता. पण देवाने हे आधीच सांगितलं होतं. यिर्मया 17 शेकेल रुपं तोलून देतो, साक्षीदार बोलावतो, खरेदीखत करतो. बारूखाला सांगतो, ही खतं मातीच्या मडक्यात ठेव, म्हणजे पुष्कळ दिवस टिकतील. कारण या देशात घरं, शेतं आणि द्राक्षमळे पुन्हा विकत घेतले जातील, असं देवाचं अभिवचन होतं.

मला यातली पुढची गोष्ट फार मोलाची वाटते. व्यवहार झाल्यावर यिर्मया प्रार्थना करतो, आणि त्या प्रार्थनेत गोंधळ आहे. प्रभू, नगर तर शत्रूच्या हाती चाललं आहे, आणि तू मला शेत घ्यायला सांगतोस? त्याला सगळं समजलं होतं म्हणून त्याने आज्ञा पाळली असं नाही. आधी पाळली, मग विचारलं. विश्वासात प्रश्नाला जागा असते.

आणि उद्याची चिंता करू नका, असं येशूने सांगितलं त्याचं काय? तो आजच जगा म्हणत नाही का? मत्तयाच्या 6 व्या अध्यायात हे वचन येतं, पण त्याच्या थोडंच आधी प्रथम देवाचं राज्य मिळवायला झटा, असं सांगितलं आहे. उद्या पित्याच्या हातात आहे म्हणून आज मोकळा होतो. मान्नाही रोजच्यापुरताच मिळत होता, पण तो खाणारे लोक एका देशाकडे चालले होते. म्हणून मित्रांबरोबरचं जेवण, पावसाळ्यातला ट्रेक, नवीन कपडे, हे सगळं आभार मानून घ्या. फक्त त्याने जन्माची भूक भागेल अशी अपेक्षा ठेवू नका.

आपलं अनाथोथ कुठे आहे? ज्या भावाशी बोलणं बंद आहे, त्याला आज फोन करणं. अंथरुणाला खिळलेल्या आजीजवळ रविवारची दुपार घालवणं. संडे स्कूलमध्ये त्या पाच मुलांना शिकवत राहणं. यांचा फायदा याच तिमाहीत दिसणार नाही, कदाचित आपल्या हयातीतही नाही. रेव्हरंड टिळकांनी 'ख्रिस्तायन' सुरू केलं आणि 1919 मध्ये ते प्रभूकडे गेले, तेव्हा ते अपुरंच होतं. पुढचं बहुतेक काव्य लक्ष्मीबाईंनी रचलं. ते पूर्ण होऊन छापलं गेलं 1938 मध्ये, आणि तोवर त्याही गेल्या होत्या.

यिर्मयाला लोकांनी पुढे मिसर देशात नेलं. तो त्या शेतात परत गेल्याची नोंद शास्त्रात नाही. पण एज्राचा दुसरा अध्याय उघडा. बंदिवासातून परतलेल्यांच्या लांबलचक यादीत, जी आपण वाचताना सहसा गाळतो, 23 व्या वचनात एक ओळ आहे: अनाथोथची माणसं, 128.

प्रार्थना: हे स्वर्गीय पित्या, आजचा दिवस तू दिलास म्हणून आभार. जे पीक आम्ही पाहणार नाही, त्यासाठीही आज पेरायचं धैर्य दे. समजत नाही तिथे तुला विचारायला आणि तरी तुझं ऐकायला शिकव. येशूच्या नावाने मागतो. आमेन.