न सापडणे आणि नसणे

विंडोजचे मोठे अपडेट होते, संगणक पुन्हा सुरू होतो, कॅमेऱ्याचे ॲप उघडले जाते आणि चेहऱ्याऐवजी एक निरोप दिसतो. त्यातली ठळक ओळ सांगते की तुमचा कॅमेरा आम्हाला सापडत नाही. खाली बारीक अक्षरांत दोषाचा संकेतांक असतो आणि त्याला जोडलेल्या नावाचा अर्थ होतो, एकही कॅमेरा जोडलेला नाही. एकाच खिडकीत हे दोन वेगळे दावे आहेत. पहिला यंत्राच्या ज्ञानाविषयी आहे, दुसरा जगातल्या वस्तूविषयी. लॅपटॉपच्या पडद्याच्या वरच्या कडेला कॅमेऱ्याची काच तर डोळ्यांसमोर असते. मग ‘नाही’ म्हटले जाते ते नेमके कशाला, आणि कोणत्या आधारावर? न सापडण्यावरून नसण्याचा निष्कर्ष कधी काढावा, हा भारतीय तत्त्वज्ञानातला जुना वाद आहे. अभाव आणि अनुपलब्धी या नावांनी मीमांसक, नैयायिक आणि बौद्ध पंडित तो शतकानुशतके लढवत आले. ड्रायव्हर हरवल्याची तक्रार सोडवताना नकळत त्याच वादातल्या पायऱ्या चढाव्या लागतात.

ड्रायव्हर म्हणजे काय, हे आधी स्पष्ट हवे. कॅमेरा स्वतःच्या पद्धतीने विद्युतसंकेत पाठवतो. ऑपरेटिंग सिस्टीमला ते तिच्या ठरलेल्या रचनेत हवे असतात. दोहोंमधला व्यवहार करणारा छोटा प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर. मनमाड जंक्शनने ही अडचण लोखंडात पाहिली आहे. मुंबई–भुसावळ हा ब्रॉडगेज मार्ग, त्याच्या रुळांमधले अंतर १६७६ मिलिमीटर. निजामाच्या राज्यातून औरंगाबादमार्गे येऊन त्याला मनमाडला मिळणारा मार्ग पूर्वी मीटर गेजचा, म्हणजे १००० मिलिमीटरचा होता. मालाने भरलेली मीटर गेजची वाघीण यार्डात उभी असली तरी मुंबईच्या रुळांवर ती चढू शकत नसे. माल उतरवून दुसऱ्या वाघिणीत भरावा लागे. ड्रायव्हर करतो ते हेच काम. पुढे १९९० च्या दशकात हा मार्ग ब्रॉडगेज झाला. त्यामुळे जुन्या वाघिणी मोडल्या नाहीत, त्यांच्या चाकांखालचे रूळ तेवढे गेले. अपडेटनंतर बंद पडलेल्या कित्येक कॅमेऱ्यांची स्थिती अशीच असते. वस्तू धडधाकट असते, संबंध तुटलेला असतो.

न्यायशास्त्राचा पहिला नियम असा की नुसते ‘नाही’ हे अर्धे वाक्य आहे. कशाचा अभाव आणि कुठे, ही दोन उत्तरे मिळाल्याखेरीज ते पूर्ण होत नाही. ज्याचा अभाव तो प्रतियोगी; ज्या ठिकाणी अभाव ते अधिकरण. ‘जमिनीवर घट नाही’ या ठरावीक उदाहरणात घट प्रतियोगी आणि जमीन अधिकरण. सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टांच्या ‘तर्कसंग्रह’ या छोट्या पाठ्यग्रंथात ही मांडणी येते. यशवंत वासुदेव आठल्ये यांच्या टिपांसह १८९७ मध्ये मुंबई संस्कृत मालेत त्याची आवृत्ती निघाली आणि महाविद्यालयांतल्या अनेक पिढ्यांनी न्यायाचे पहिले धडे तिच्यावर गिरवले.

हा नियम लावताच ‘कॅमेरा नाही’ या तक्रारीचे तुकडे पडतात. कॅमेरा ॲपमध्ये नाही, विंडोजच्या ‘डिव्हाइस मॅनेजर’मधल्या उपकरणांच्या यादीत नाही, की यंत्राच्या सर्किटवरच नाही? ही तीन वेगळी अधिकरणे आहेत. ॲपमध्ये कॅमेरा दिसत नाही पण यादीत त्याचे नाव नीट आहे, तर ड्रायव्हरला हात लावण्याचे कारण नाही. अडचण परवानगीची किंवा ॲपची असू शकते. यादीत पिवळ्या खुणेसह एखादे अनोळखी उपकरण असून त्याच्या गुणधर्मांत संकेतांक २८ असेल, तर प्रतियोगीच बदलतो: कॅमेरा आहे, नाही तो ड्रायव्हर. संकेतांक ४५ असेल तर सिस्टीमच्या लेखी ते उपकरणच सध्या जोडलेले नाही. बोलताना तिन्ही प्रसंगी माणूस ‘कॅमेरा गेला’ असेच म्हणतो. तिन्हींचे उपाय मात्र एकमेकांच्या उपयोगाचे नाहीत.

दुसरा नियम योग्यतेचा. सातव्या शतकातल्या मीमांसक कुमारिल भट्टांनी अनुपलब्धीला ज्ञानाचे स्वतंत्र, सहावे साधन मानले. मीमांसेतल्याच प्रभाकरांच्या परंपरेने ते नाकारले. नैयायिकांनी अभावाचे ज्ञान प्रत्यक्षातच बसवले, तर बौद्ध आचार्य धर्मकीर्तींनी अनुपलब्धीला अनुमानातला हेतू ठरवले. इतके मतभेद असूनही एका अटीवर बहुतेकांचे जुळते. जी वस्तू तिथे असती तर दिसलीच असती, तिच्याच न दिसण्यावरून तिचा अभाव ठरतो. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही, म्हणून खोलीत घट नाही असे म्हणता येत नाही; आधी दिवा लावावा लागतो.

असलेली वस्तू का दिसत नाही, याची आठ कारणे ईश्वरकृष्णांच्या ‘सांख्यकारिके’तल्या सातव्या कारिकेत मोजली आहेत. वस्तू फार दूर असणे, फार जवळ असणे, इंद्रिय बिघडणे, मन ठिकाणावर नसणे, वस्तू सूक्ष्म असणे, मध्ये आडपडदा येणे, प्रबळ वस्तूने दुर्बळ झाकली जाणे आणि सारख्या वस्तूंत मिसळून जाणे. पावसाळ्यात मनमाडहून अंकाई-टंकाईची जोडी ढगांत बुडते, तेव्हा किल्ले नाहीसे झाले असे कोणी म्हणत नाही. आडपडदा सगळ्यांना कळतो. यंत्रातला आडपडदा तितका सहज ओळखू येत नाही. काही लॅपटॉपांच्या कॅमेऱ्यावर सरकते झाकण असते, काहींच्या कडेला कॅमेरा बंद करणारे बटण असते, काहींत ते काम कळफलकावरच्या एका कळीकडे असते. सेटिंग्जमधल्या गोपनीयतेच्या विभागात कॅमेऱ्याची परवानगी बंद असेल, तर ॲपच्या दृष्टीने तोही पडदाच. अँटीव्हायरस कॅमेरा अडवू शकतो. एखादे मीटिंगचे ॲप मागे चालू राहून कॅमेरा धरून बसले असेल, तर प्रबळाने दुर्बळाला झाकल्याचा प्रकार होतो. आभासी कॅमेरे बसवणारी सॉफ्टवेअर संगणकात असतील, तर खरा कॅमेरा सारख्या नावांच्या गर्दीत हरवतो आणि ॲप भलत्यालाच निवडते. हे सगळे तपासून होईपर्यंत ‘ड्रायव्हर हरवला’ हे वाक्य उच्चारण्याचा अधिकार मिळत नाही.

हे अडथळे दूर करूनही संकेतांक २८ कायम असेल, तर ड्रायव्हरचा अभाव मान्य करावा लागतो. पण अभावही एका जातीचा नसतो. न्याय-वैशेषिकांनी त्याचे चार प्रकार केले आणि चारही इथे भेटतात.

पहिला प्रागभाव. वस्तू निर्माण होण्यापूर्वीचा हा अभाव. त्याला आरंभ नाही, अंत आहे. सिस्टीम नव्याने टाकली आणि त्या कॅमेऱ्याचा ड्रायव्हर तिच्यात अजून आलाच नाही, तेव्हा स्थिती जवळपास हीच असते. उपाय म्हणजे ड्रायव्हर आणणे. अपडेटच्या विभागात ‘ऐच्छिक अपडेट’मध्ये तो कधी कधी वाट पाहत असतो, नाहीतर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर मॉडेलचा क्रमांक देऊन शोधावा लागतो.

दुसरा प्रध्वंसाभाव, म्हणजे वस्तू नष्ट झाल्यानंतरचा अभाव. याला आरंभ आहे, अंत नाही. फुटलेला घट परत येत नाही, येतो तो दुसरा घट. ‘अपडेटने ड्रायव्हर उडवला’ या तक्रारीला हीच जात अभिप्रेत असते, पण ती दर वेळी खरी नसते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कॅमेऱ्याच्या गुणधर्मांत ‘रोल बॅक ड्रायव्हर’ हे बटण असते. ते दाबता येत असेल तर जुना ड्रायव्हर जिवंत आहे, नव्याने त्याची जागा घेतली इतकेच. त्याला परत आणता येते. बटण फिकट आणि निकामी असेल तर परतायला मागे काही साठवलेले नाही. मग उपकरण यादीतून काढून टाकायचे, हार्डवेअरमधले बदल नव्याने तपासायला सांगायचे आणि ड्रायव्हर पुन्हा बसवायचा. संपूर्ण अपडेटच मागे घ्यायचे असेल, तर विंडोज त्यासाठी सामान्यतः १० दिवसांची मुदत देते. नंतर जुन्या सिस्टीमच्या फाइली पुसल्या जातात आणि प्रध्वंस पक्का होतो.

तिसरा अत्यंताभाव, तिन्ही काळांतला. वायूत रंग नसतो तसा. जुन्या कॅमेऱ्याच्या निर्मात्याने नव्या सिस्टीमसाठी ड्रायव्हर कधी लिहिलाच नाही आणि लिहिणारही नाही, तर तिथे शोध थांबवणे हेच शहाणपण. अशा वेळी कुठल्या तरी संकेतस्थळावरून ‘सर्व कॅमेऱ्यांना चालणारा’ ड्रायव्हर उतरवून घेणे म्हणजे नसलेल्या वस्तूची किंमत मोजून नको ती वस्तू घरात आणणे होय. नवे यूएसबी कॅमेरे बहुधा एका समान मानकावर चालतात आणि त्यासाठीचा ड्रायव्हर विंडोजमध्ये आधीच असतो, त्यामुळे त्यांच्या वाट्याला हा अभाव क्वचित येतो.

चौथा अन्योन्याभाव: घट म्हणजे पट नव्हे. ड्रायव्हर बसलेला असतो, पण तो या कॅमेऱ्याचा नसतो. नावे सारखी, आतला तुकडा निराळा. ओळख पटवण्यासाठी गुणधर्मांतल्या ‘हार्डवेअर आयडी’कडे पाहावे लागते; निर्मात्याचा आणि उत्पादनाचा असे दोन क्रमांक तिथे असतात. खोक्यावरच्या नावापेक्षा ते क्रमांक खरे.

अभावाची जात कळली तरी कारण उरते. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते आणि दोष कावळ्याला जातो. अपडेटच्या पाठोपाठ कॅमेरा बंद पडला, एवढ्यावर अपडेट कारण ठरत नाही. नैयायिकांच्या व्याख्येनुसार कारण कार्याच्या आधी असावे, नेहमी असावे आणि अनावश्यक नसावे. माती वाहून आणणारे कुंभाराचे गाढव घटाच्या आधी हजर असते, तरी ते घटाचे कारण मानले जात नाही. खरे कारण निवडण्याची पद्धत अन्वय आणि व्यतिरेक: एक असता दुसरे असणे, एक नसता दुसरे नसणे. ड्रायव्हर मागे घेतला आणि कॅमेरा चालू झाला, नवा परत बसवला आणि पुन्हा बंद पडला, तर कारण सापडले. मात्र एका वेळी एकच गोष्ट बदलावी. ड्रायव्हर, परवानगी आणि अँटीव्हायरस तिन्ही एकदम हलवले तर कॅमेरा कदाचित चालू होईल, पण कशाने ते कळणार नाही.

कारण खरोखर अपडेटमध्ये असल्याचे प्रसिद्ध उदाहरण २०१६ चे आहे. त्या वर्षी ऑगस्टमध्ये विंडोज १० चे ‘ॲनिव्हर्सरी अपडेट’ आले आणि जगभर अनेक वेबकॅम अडखळू लागले. एकाच वेळी अनेक ॲपना कॅमेरा वापरता यावा म्हणून मायक्रोसॉफ्टने मध्ये ‘फ्रेम सर्व्हर’ नावाची व्यवस्था घातली होती. तिच्यातून ॲपना एमजेपेग आणि एच-२६४ या दाबलेल्या स्वरूपांतली चित्रे मिळेनाशी झाली. कॅमेरा होता, ड्रायव्हरही होता. बंद झाला होता तो ॲपला लागणारा चित्रप्रवाह. ड्रायव्हर पुन्हा पुन्हा बसवणाऱ्यांचे कष्ट वाया गेले, कारण प्रतियोगी चुकला होता. मायक्रोसॉफ्टने अडचण मान्य करून पुढच्या अपडेटमधून दुरुस्ती दिली.

‘असती तर दिसलीच असती’ हा योग्यतेचा नियम सर्वांत मोठ्या अभावालाही लावला गेला. ईश्वर दिसत नाही म्हणून ईश्वर नाही, या युक्तिवादाला उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’च्या तिसऱ्या स्तबकात, म्हणजे प्रकरणात, उत्तर दिले. ईश्वर हा डोळ्यांना दिसण्याच्या जातीचा पदार्थच नाही. तेव्हा त्याच्या न दिसण्यावरून काहीच ठरत नाही. प्रतिपक्ष विचारतो, मग सशाचे शिंगही नाकारता येणार नाही का? उदयनांचे म्हणणे असे की शिंग दिसण्याजोगे असते, असते तर दिसले असते, म्हणून ते नाकारता येते. तर्काची ही धार दुहेरी आहे. तिने निषेध कापला जातो, अस्तित्व सिद्ध होत नाही. उदयनांनाही त्यासाठी पाचव्या स्तबकात वेगळी प्रमाणे द्यावी लागली. आणि ज्या कुमारिलांनी अनुपलब्धीला प्रमाणाचा दर्जा दिला, त्यांना जगाचा कर्ता ईश्वर मान्य नव्हता. एक साधन मान्य असणाऱ्यांचे निष्कर्ष एकच असावेत, असा नियम नाही.

कॅमेऱ्याबाबतही दोन्ही टोके टाळावी लागतात. ‘दिसत नाही, म्हणजे गेला’ ही घाई जितकी चुकीची, तितकीच ‘दिसत नसला तरी असेलच’ ही आशा. झाकण उघडे आहे, परवानगी दिली आहे, बायोसमध्ये कॅमेरा बंद केलेला नाही, योग्य ड्रायव्हर बसवून पाहिला, पेन ड्राइव्हवरून दुसरी सिस्टीम चालवली तरी कॅमेऱ्याचा मागमूस नाही, असे झाले की दिसण्याच्या बहुतेक अटी पुऱ्या होतात. आता न सापडणे हे नसण्याचे भक्कम प्रमाण ठरते. आतली तार निसटली असेल किंवा भाग निकामी झाला असेल. लॅपटॉप उघडण्यासाठी मनमाडहून नाशिकच्या सेवा केंद्राची गाडी पकडायची ती यानंतर, आधी नाही.