पावसाचा वाटा, आपला वाटा

नदीचा प्रवाह घटला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: दोष पावसाचा की माणसाचा? जलविज्ञानात याचे उत्तर टक्क्यांत देण्याची पद्धत आहे. पाऊस आणि तापमानाच्या नोंदींवरून नदीत किती पाणी यायला हवे होते ते काढायचे, त्यातून प्रत्यक्ष मोजलेला प्रवाह वजा करायचा, आणि उरलेली तफावत धरणे, कालवे, उपसा, बदललेली पिके यांच्या नावावर मांडायची. माझे रोजचे काम याच जातीचे आहे आणि ते उपयोगाचेही आहे. पण ही टक्केवारी विभागाबाहेर पडली की तिचा अर्थ बदलतो. समजा, हवामानाचा वाटा साठ टक्के निघाला, तर ऐकणाऱ्याला ती साठ टक्के माफी वाटते. कारण शोधणे आणि जबाबदारी ठरवणे ही दोन वेगळी कामे आपण एकाच वजाबाकीत उरकून टाकतो.

कोलोरॅडो नदीचे उदाहरण घेऊ. लॉस एंजेलिस, फिनिक्स, लास व्हेगास, डेन्व्हर अशा शहरांत राहणाऱ्या आपल्यापैकी अनेकांच्या नळाला तिचे पाणी येते. १९२२ साली सात राज्यांच्या प्रतिनिधींनी तिच्या पाण्याचा करार केला. वरच्या खोऱ्याला वर्षाला ७५ लाख एकर-फूट आणि खालच्या खोऱ्यालाही तेवढेच. (एक एकर जमिनीवर फूटभर उभे राहील तेवढे पाणी म्हणजे एक एकर-फूट.) १९४४च्या तहाने मेक्सिकोला आणखी १५ लाख देण्याचे ठरले. एकूण १ कोटी ६५ लाख. २००० नंतर नदीचा नैसर्गिक प्रवाह, म्हणजे वाटेत उपसलेले पाणी हिशेबात परत मिळवून काढलेला प्रवाह, सरासरी सव्वा कोटीच्या आसपास आहे. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

मग दोष कोणाचा? अडल आणि ओव्हरपेक या दोन शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये दाखवले की २००० ते २०१४ या काळात प्रवाह विसाव्या शतकाच्या सरासरीपेक्षा सुमारे १९ टक्क्यांनी कमी होता, आणि त्या घटीचा साधारण एक तृतीयांश भाग वाढलेल्या तापमानामुळे होता. जमीन आणि झाडे जास्त पाणी हवेत सोडतात, बर्फ वितळून नदीपर्यंत पोहोचणारे पाणी कमी होते. आमच्या तक्त्यात हा भाग ‘हवामान’ या रकान्यात जातो. पण तापमान वाढवले कोणी? म्हणजे पावसाच्या नावावर मांडलेल्या रकमेतही माणसाचा हात आहे; फक्त तो हात खोऱ्याबाहेरचाही आहे, म्हणून वजाबाकीत दिसत नाही.

दुसरी गोष्ट अधिक बोचणारी आहे. करारापूर्वीची वर्षे असाधारण ओली होती. झाडांच्या खोडांतील वलयांवरून १९७६ मध्ये स्पष्ट झाले की विसाव्या शतकाचा आरंभ हा गेल्या कित्येक शतकांतल्या सर्वांत ओल्या काळांपैकी एक होता. हे तेव्हा कोणाला माहीत नव्हते, असे म्हणून हा विषय मिटवता येत नाही. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील ई. सी. लारू यांनी १९२०च्या दशकातच इशारा दिला होता की सर्वांच्या अपेक्षा पुरवण्याइतके पाणी या नदीत नाही. तो इशारा बाजूला ठेवून मोठे आकडे स्वीकारले गेले.

इथे दोन शब्द वेगळे करावे लागतात: घट आणि टंचाई. घट ही नदीची अवस्था आहे; तिच्या कारणांचे टक्के काढता येतात. टंचाई म्हणजे नदी आणि दिलेला शब्द यांतील अंतर. शब्द पाऊस देत नाही. २०२१ मध्ये खालच्या खोऱ्यासाठी पहिल्यांदाच अधिकृत टंचाई जाहीर झाली, २०२२च्या उन्हाळ्यात लेक मीड सुमारे २७ टक्क्यांवर आले. त्यातली घट अंशतः अवर्षणाची होती. टंचाई मात्र पूर्णपणे माणसाची.

यावर एक रास्त आक्षेप आहे. सगळेच माणसाचे म्हटले, तर कोणीच जबाबदार उरत नाही. ‘माणूस’ नावाचा कोणी पाणी वापरत नाही. शेतकरी वापरतो, महापालिका वापरते. खोऱ्यातील मूलनिवासी राष्ट्रांना तर करार करताना बैठकीत जागाच नव्हती. त्यांच्याबद्दलचे एकुलते एक वाक्य एवढेच सांगते की सरकारची त्यांच्याप्रति असलेली बांधिलकी कराराने बदलत नाही. त्यांना आणि करार लिहिणाऱ्यांना एकाच रकान्यात बसवणे अन्याय आहे. म्हणून मला प्रश्नच बदलावासा वाटतो: कोरड्या वर्षाचा भार कोणी उचलायचा, हे कोणी ठरवले, आणि ठरवताना त्याला काय ठाऊक होते?

हा प्रश्न आपल्याकडेही विचारला गेला आहे. कृष्णेचे पाणी वाटताना बच्छावत लवादाने ७५ टक्के विश्वासार्हतेचा आकडा धरला: चार वर्षांपैकी तीन वर्षे जेवढे पाणी नक्की मिळेल तेवढेच, २०६० टीएमसी. त्या वाटपावरची भांडणे संपलेली नाहीत. तरी चौथे वर्ष तुटीचे असणार, ही कबुली त्या आकड्यातच होती.

अशी कबुली कोलोरॅडोलाही अपरिचित नाही. १९४८ मध्ये वरच्या खोऱ्यातील राज्यांनी आपापसात वाटणी केली, तेव्हा आपल्या वाट्याला नक्की किती पाणी उरेल याची त्यांना खात्री नव्हती. म्हणून चार प्रमुख राज्यांनी हिस्से टक्क्यांत ठरवले: कोलोरॅडोला ५१.७५, यूटाला २३, वायोमिंगला १४, न्यू मेक्सिकोला ११.२५. नदी जेवढे देईल, त्यातला एवढा भाग. टक्केवारीचा हा उपयोग मला आमच्या तक्त्यांतल्या उपयोगापेक्षा जास्त प्रामाणिक वाटतो. तिथे ती झालेल्या नुकसानीचा दोष वाटत नाही. येणाऱ्या वाईट वर्षात प्रत्येकाने किती सोसायचे, ते आधीच सांगून ठेवते.