सांगावे की झाकावे?

शाळेच्या प्रवेश अर्जात एक रकाना असतो : ‘विद्यार्थ्यास काही आजार असल्यास’. या रकान्यात मी दमा वाचला आहे, हृदयाला छिद्र असल्याचे वाचले आहे. एका पालकाने ‘गोड फार खातो’ असेही प्रामाणिकपणे लिहिले होते. फेफरे हा शब्द मात्र क्वचितच वाचला. ज्याला आपण आकडी किंवा नुसते ‘फिट येणे’ म्हणतो, आमच्या सीमाभागात कानडी शेजाऱ्याच्या तोंडी जो मूर्च्छेचा रोग असतो, तो या रकान्यात सहसा उतरत नाही. आईबापांनी विचारपूर्वक ठेवलेली ती कोरी जागा असते.

या कोऱ्या जागेला असत्य म्हणावे काय? धर्मराजाचा रथ अर्धसत्यामुळे भुईला टेकला, असे आपण वर्गात शिकवतो. पण धर्मराज युद्ध जिंकण्यासाठी बोलला होता. ही माणसे गप्प बसतात ती आपल्या लेकराला इतरांच्या शेजारी बाकावर बसू द्यावे, एवढ्यासाठी. “सर, तेवढं कागदावर आणू नका, उद्या तिचं लग्न करायचं हाय,” असे एखादा बाप दाराशी उभा राहून सांगतो, तेव्हा त्याच्यापुढे सत्याची थोरवी गाण्याचे धैर्य निदान मला होत नाही.

कारण त्याची भीती पोकळ नाही. हिपोक्रेटिसच्या नावावर असलेल्या ग्रंथात सुमारे 2400 वर्षांपूर्वीच म्हटले आहे, की हा रोग दैवी नाही, त्याचे मूळ मेंदूत आहे. चरकसंहितेत अपस्मारावर निदानासह विवेचन आहे. स्मृतीचा अपगम असा त्या नावातच अर्थ आहे. वैद्यांना जे कळले होते ते समाजाला मात्र कळले नाही, आणि कायद्यालाही नाही. 1976 च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यात वारंवार येणारे अपस्माराचे झटके वेडाच्या झटक्यांच्या पंक्तीला बसवले गेले आणि विवाहाच्या पात्रतेआड आले. ते शब्द वगळले गेले 1999 साली. तेवीस वर्षे खुद्द कायद्याच्या पुस्तकात जे छापले होते, ते गावकीच्या मनातून लगेच पुसले जाईल अशी अपेक्षा कोणी करावी?

भीतीच्या जोडीला अपराधाची भावना असते. दस्तयेवस्कीला स्वतःला अपस्मार होता. 1878 मध्ये त्याचा अल्योशा हा पुरती तीन वर्षेही न भरलेला मुलगा झटक्यात गेला, आणि हे आपल्याकडूनच त्याच्याकडे गेले या विचाराने बाप पोखरून निघाला. पुढच्या कादंबरीच्या नायकाला त्याने त्याच मुलाचे नाव दिले. आपल्याकडे हा ठपका बहुधा बापावर येत नाही, सुनेच्या माहेरावर येतो. वास्तविक जन्माच्या वेळी मेंदूला झालेली इजा, मेंदूज्वर, डोक्याचा मार, अस्वच्छ अन्नपाण्यातून शरीरात गेलेल्या पट्टकृमीच्या अंड्यांमुळे मेंदूत झालेल्या गाठी अशी अनेक कारणे असू शकतात. पुष्कळदा कारण सापडतच नाही. पण सासूला कारण हवे असते.

एवढे सारे मान्य करूनही मी सांगण्याच्या बाजूचा आहे. झाकण्याची किंमत आईबाप मोजत नाहीत, मूल मोजते. सहलीला गेलेला मुलगा रात्रीची गोळी घेत नाही, कारण चारचौघांत डबी काढली तर ‘कशाची रे?’ हा प्रश्न येणार. चुकलेली गोळी आणि जागरण ही झटका येण्याची दोन मोठी निमित्ते, आणि सहलीत दोन्ही एकदम जमून येतात. वर्गात झटका आला आणि कोणालाच ठाऊक नसले, तर कोणी कांदा आणायला धावतो, कोणी जोडा नाकाला लावतो, कोणी दातखीळ उघडण्यासाठी चमचा खुपसून दात पाडतो. वास्तविक करायचे असते ते अगदी थोडे : आजूबाजूच्या टोकदार वस्तू दूर कराव्यात, डोक्याखाली मऊ काही द्यावे, कुशीवर वळवावे, हातपाय दाबून धरू नयेत, तोंडात काहीही घालू नये आणि घड्याळ पाहावे. बहुतेक झटके दोनतीन मिनिटांत आपोआप थांबतात. पाच मिनिटे उलटली, किंवा शुद्ध न येताच दुसरा झटका आला, तर 108 ला फोन करावा. झटक्याचा आणखी एक प्रकार आहे, त्यात मूल पडतही नाही. काही सेकंद शून्यात पाहते आणि पुन्हा लिहू लागते. त्याला शिक्षकाकडून ‘लक्ष कुठे आहे?’ म्हणून बोलणी मिळतात. ही बोलणी त्या कोऱ्या रकान्याच्या खात्यावर पडतात.

मात्र सांगणे म्हणजे दवंडी पिटणे नव्हे. वर्गशिक्षक, खेळाचे शिक्षक, शाळेच्या गाडीचा चालक आणि बाकावरचा एक जिवलग मित्र, एवढ्यांना ठाऊक असले की पुष्कळ झाले. त्यातही मूल बारातेरा वर्षांचे झाले की मित्र कोणता, हे त्यालाच ठरवू द्यावे. गुपित मुळात त्याचे आहे, आपण केवळ राखणदार.

आणि पहिले पाऊल पालकांनी टाकावे, हेही मला पटत नाही. विश्वास मागणाऱ्याने आधी त्याची पात्रता दाखवावी. जूनमध्ये शाळा भरताना सर्व शिक्षक-शिपायांना हे प्रथमोपचार शिकवावेत, आणि मगच तो रकाना भरायला सांगावा. रकाना भरल्यावर मुलाला मैदानावरून उठवून सावलीत बसवून ठेवणारी शाळा पुढच्या दहा पालकांना खोटे बोलायला शिकवते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते योग्य निदान आणि उपचार मिळाले तर 70 टक्क्यांपर्यंत रुग्ण झटक्यांविना जगू शकतात. अशा मुलाला कबड्डीपासून दूर ठेवण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? विहिरीत पोहणे निराळे. तिथे पोहता येणारे मोठे माणूस जोडीला हवेच.

पुण्यात यशोदा वाकणकर यांनी, स्वतः या आजारातून गेल्यावर, ‘संवेदना’ हा अपस्मार असलेल्यांचा आणि त्यांच्या घरच्यांचा गट उभा केला. आमच्या जिल्ह्यांत, मराठी आणि कानडी आया एकत्र बसतील असे काही व्हायला हवे. डॉक्टर गोळीची मात्रा सांगतात. न्हाणीघराच्या कडीचे काय करायचे, हे दुसरी आईच सांगू शकते. कडी आतून लावू नये, हा सुरक्षेचा नियम. पण चौदा वर्षांच्या मुलीला कडीविना आंघोळ कर म्हणणे हा तिच्या लाजेचा प्रश्न आहे. एका घरात यावर तोड काढलेली मी पाहिली. कडी काढून टाकली, बाहेर खिळ्याला पुठ्ठ्याची पाटी टांगली, ‘मी आत आहे’. पाटी फिरवल्यावर घरातले कोणीही, अगदी आजोबासुद्धा, त्या बोळात फिरकत नाही. आई तेवढी स्वयंपाकघरातून मधून मधून हाक मारते, आणि मुलगी त्रासिक आवाजात ‘ओ’ देते.